पास्ता म्हणजे शेवयाच का?

नवी मुंबईतल्या कुठल्याही किराणा दुकानात आज शेवयांची आणि पास्त्याची पाकिटं एकाच फळीवर दिसतात. कोपरखैरण्याच्या एखाद्या घरात नात पेन्ने उकळायला टाकते आणि सुट्टीला साताऱ्याहून आलेली आजी पातेल्यात डोकावते. "अगं, या शेवयाच की गं! नुसत्या जाड नि पोकळ." नात हसते, पण आजीचं म्हणणं खोडून काढायला तिच्याकडे उत्तर नसतं.

आजीचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी प्रश्न येतात. पास्ता म्हणजे मैदाच ना? मार्को पोलोने तो चीनमधून आणला ना? एकाच कणकेचे इतके आकार कशासाठी? ही उत्तरं शोधताना आपण सिसिलीला जाऊ, नेपल्सला जाऊ, आणि तितकाच वेळ निफाडच्या शेतात आणि आपल्या वाळवणाच्या खाटेपाशीही थांबू. कारण इटलीने कणकेपुढचे जे प्रश्न सोडवले, तेच मराठी घरांनीही सोडवले आहेत, आणि काही ठिकाणी उत्तरंसुद्धा जुळली आहेत.

१. पास्ता कशाला म्हणायचं?

पीठ आणि पाणी घट्ट मळायचं, त्याला आकार द्यायचा आणि उकळत्या पाण्यात शिजवायचं. यीस्ट नाही, आंबवणं नाही, भाजणं नाही. पास्त्याची व्याख्या एवढीच. इटलीत त्याची दोन घराणी आहेत.

उत्तरेत, विशेषतः बोलोन्या शहराच्या परिसरात, मऊ गव्हाच्या पिठात अंडी घालून कणिक मळतात. ती मोठ्या लाटण्याने पातळ लाटतात, पट्ट्या कापतात किंवा आत सारण भरतात, आणि लवकरच शिजवून खातात. हा ताजा पास्ता. दक्षिणेत अंडं नाही. तिथे कडक गव्हाचा रवा आणि पाणी मळून आकार देतात आणि तो खडखडीत वाळवतात. हा सुका पास्ता वर्षभर टिकतो. आपल्या दुकानात येणारी बहुतेक पाकिटं या दुसऱ्या घराण्यातली.

आपल्याकडेही ही दोन घराणी आहेत. वरणफळं किंवा चकोल्या करताना आपण पोळी लाटतो, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापतो आणि उकळत्या आमटीत सोडतो. हा आपला ताजा प्रकार. शेवया, गव्हले, नखुले हे वाळवून डब्यात भरायचे, तो सुका. म्हणजे आजीचं निम्मं म्हणणं इथेच खरं ठरतं. उरलेलं निम्मं गव्हावर अवलंबून आहे.

२. गहू कोणता?

आपल्या जेवणात गव्हाच्या तीन जाती येतात. पोळीचा गहू म्हणजे लोकवन, शरबती वगैरे. त्याचा दाणा तुलनेने मऊ असतो आणि पीठ बारीक पडतं. दुसरा बन्सी गहू. दाणा लांबट, कडक, अंबरासारखा पिवळसर. दळला की पीठ होण्याऐवजी त्याचा रवा पडतो. तिसरा खपली गहू. मळणीनंतरही त्याच्या दाण्यावरचं टरफल सुटत नाही, म्हणून तो कांडावा लागतो. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बेळगावकडच्या घरांत खीर, लापशी आणि शेवयांसाठी खपलीला मान आहे.

पोळीच्या गव्हाच्या पेशीत 42 गुणसूत्रं असतात, बन्सी आणि खपली या दोघांत 28. खपली ही फार प्राचीन जात, आणि बन्सी तिच्याच वंशातली. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत टरफल सहज सुटणारा हा गहू घडवला.

हा बन्सी गहू म्हणजेच जगाचा ड्युरम गहू. इटलीचा सुका पास्ता याच जातीच्या गव्हाचा होतो आणि तिथला कायदा 1967 पासून त्यासाठी दुसरा गहू चालवून घेत नाही. खपलीही तिथे आहे. तिला ते फार्रो म्हणतात आणि सुपात घालतात.

'पास्ता म्हणजे मैदाच' ही समजूत कुठून आली, तेही यातून कळतं. मैदा पोळीच्या गव्हाचा, तर अस्सल सुका पास्ता बन्सी गव्हाच्या रव्याचा. मात्र आपल्या बाजारात काही पाकिटांत मैदाही असतो. म्हणून पाकीट उलटून घटकांची यादी वाचावी. तिथे ड्युरम गव्हाचा रवा एवढंच लिहिलेलं असेल, तर तो बन्सीचा पास्ता.

या गव्हावर महाराष्ट्रात मोठं काम झालं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने 'पंचवटी' आणि 'गोदावरी' हे बन्सी गव्हाचे वाण दिले. पुण्यात 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी ही संस्था सुरू झाली. 1992 पासून ती वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने ओळखली जाते. तिथल्या शास्त्रज्ञांनी काढलेल्या 'एमएसीएस 4028' या बन्सी वाणात सुमारे 14.7 टक्के प्रथिनं आहेत. इटलीच्या कायद्याला रव्याच्या सुक्या पास्त्यात किमान 10.5 टक्के प्रथिनं लागतात, हे लक्षात घेतलं की आपल्या शेतात काय पिकतं त्याची कल्पना येते.

३. कणकेतलं जाळं

प्रथिनांवर एवढा भर का? एक सोपा प्रयोग करून पाहा. कणकेचा लिंबाएवढा गोळा बारीक धारेखाली धरून हळूहळू चोळा. पांढरं पाणी वाहून जाईल आणि शेवटी हातात रबरासारखा चिवट गोळा उरेल. पांढरं पाणी म्हणजे पिष्ट, म्हणजे स्टार्च. चिवट गोळा म्हणजे ग्लुटेन. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेन तयार होतं.

दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या जेट्टीवर कोळ्यांची जाळी वाळत पडलेली असतात. ग्लुटेन तसंच आहे, आणि पिष्टाचे कण त्यात अडकलेले मासे. उकळत्या पाण्यात हे कण पाणी पिऊन फुगतात. जाळं घट्ट विणलेलं असेल तर ते आतच राहतात आणि पास्ता आकार धरून ठेवतो. जाळं विरळ असेल तर ते निसटतात, पाणी पेजेसारखं होतं आणि पातेल्यात गिचका उरतो. बन्सी गव्हाचं जाळं घट्ट असतं, म्हणून त्याचा पास्ता मोडत नाही आणि त्याची शेवई खिरीत विरघळत नाही.

आता कुरडईकडे पाहा. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा आणि चीक काढायचा. हा चीक म्हणजे पिष्ट. ग्लुटेन चोथ्यात गेलेलं असतं. जाळंच नसल्याने कच्च्या चिकाची तार निघत नाही. म्हणून तो आधी शिजवतात. शिजल्यावर पिष्ट स्वतःच चिकट होतं, मग ते सोऱ्यातून पाडता येतं. कोकणातल्या शिरवाळ्यांचंही तेच. तांदळात ग्लुटेन नसतं, म्हणून तांदळाच्या पिठाचे गोळे आधी पाण्यात शिजवतात, गरम असतानाच साच्यातून दाबतात आणि नारळाच्या गोड रसाबरोबर खातात.

म्हणजे तार काढण्याचे मार्ग दोन. कच्च्या कणकेला ग्लुटेनच्या बळावर ओढायचं किंवा दाबायचं, नाहीतर पिष्ट आधी शिजवून मग दाबायचं. इटलीचा सुका पास्ता आणि आपली शेवई पहिल्या मार्गाने जातात, कुरडई आणि शिरवाळे दुसऱ्या. आपल्या घरांना दोन्ही मार्ग पाठ आहेत.

४. मार्को पोलोच्या आधी

मार्को पोलो चीनहून व्हेनिसला परतला 1295 मध्ये. पण जेनोआ शहरात त्याआधीचा, 1279चा एक दस्त आहे. उगोलीनो स्कार्पा नावाच्या नोटरीने पोन्झियो बास्तोने या सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली. त्या यादीत मॅकरोनीने भरलेली एक पेटी आहे. वारसांसाठी नोंदवायची वस्तू, म्हणजे ती नक्कीच वाळवलेली आणि टिकाऊ असणार.

त्याहून जुना पुरावा सिसिलीचा. तिथला नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्यासाठी अल्-इद्रिसी या अरब भूगोलकाराने 1154 मध्ये एक मोठा ग्रंथ पूर्ण केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाविषयी तो लिहितो, की इथे वाहत्या पाण्यावर गिरण्या चालतात आणि 'इत्रिया' इतकी बनते की जहाजं भरभरून ती मुस्लिम आणि ख्रिस्ती प्रदेशांत जाते. इत्रिया म्हणजे वाळवलेल्या कणकेच्या तारा. मार्को पोलोचा जन्म 1254चा. त्याच्या शंभर वर्षं आधी सिसिलीत पास्त्याचा व्यापार चालू होता. ते नाव आजही मेलेलं नाही. इटलीच्या दक्षिण टोकाला सालेन्तो भागात हरभरे आणि तळलेल्या-उकडलेल्या पट्ट्यांचा 'चीचेरी ए त्रिया' हा पदार्थ होतो. डाळीत पिठाची फळं शिजवणाऱ्या माणसाला त्याची चव परकी वाटणार नाही.

मग मार्को पोलोची गोष्ट आली कुठून? अमेरिकेतल्या पास्ता उत्पादकांच्या 'मॅकरोनी जर्नल' या मासिकात 1929 मध्ये एक मनोरंजक कथा छापली गेली आणि तिने ही समजूत जगभर पोहोचवली. चीनमध्ये नूडल्स फार जुन्या आहेत, यात शंका नाही. तिथल्या लाज्या गावात उत्खननात भरड धान्याच्या सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या नूडल्स मिळाल्या. पण त्या चीनच्या, सिसिलीच्या इत्रियाची वाट वेगळी.

आपल्याकडची नोंदही जुनी आहे. चावुंडराय दुसरा याने 1025च्या सुमारास कन्नडमध्ये 'लोकोपकार' हा ग्रंथ लिहिला. त्यात 'शाविगे', म्हणजे शेवया करण्याची रीत आणि त्या पाडण्याचा साचा यांचा उल्लेख येतो. त्राबियाची जहाजं अल्-इद्रिसीने नोंदवली, त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट. कणकेची तार काढावी असं एकाच माणसाला एकाच ठिकाणी सुचलं, असं समजण्याचं कारण नाही. जिथे धान्य दळलं गेलं आणि उन्हाळा कोरडा होता, तिथे ते सुचत गेलं.

५. नेपल्सचा वारा

सतराव्या शतकापर्यंत नेपल्सच्या लोकांना बाकीचे इटालियन 'पालेखाऊ' म्हणून चिडवत, कारण त्यांचं जेवण मुख्यतः भाजीपाल्याचं असे. मग शहराची वस्ती वाढली आणि मांस गरिबाच्या आवाक्याबाहेर गेलं. त्याच काळात कणिक मळण्याचं आणि साच्यातून दाबण्याचं यंत्र रुळलं. पास्ता स्वस्त झाला आणि नेपल्सचे लोक 'मॅकरोनीखाऊ' ठरले. रस्त्यावर हंड्यात मॅकरोनी शिजे, वर किसलेलं चीज पडे आणि गिऱ्हाईक मान मागे टाकून हातानेच खाई. टोमॅटो अमेरिकेतून सोळाव्या शतकात आला होता, पण पास्त्याशी त्याचं नातं जुळायला फार वेळ लागला. इप्पोलितो काव्हालकांती याच्या पाककृतींच्या पुस्तकात, 1839च्या आवृत्तीत, टोमॅटोबरोबरच्या वर्मिचेल्लीची कृती सापडते. आज आपण ज्याला इटलीची सनातन जोडी समजतो, तिचं वय इतकं कमी आहे.

खरी कसोटी वाळवणाची होती. एक हिशेब करून पाहू. साच्यातून निघालेल्या कणकेत साधारण 31 टक्के पाणी असतं. वाळलेल्या पास्त्यात कायद्याने ते 12.5 टक्क्यांच्या वर चालत नाही. 1 किलो ओला पास्ता घेतला तर त्यात 690 ग्रॅम कोरडा भाग. वाळल्यावर हाच कोरडा भाग एकूण वजनाच्या 87.5 टक्के व्हायला हवा, म्हणजे वजन सुमारे 790 ग्रॅम. याचा अर्थ प्रत्येक किलोतून जवळजवळ 210 ग्रॅम पाणी जायला हवं.

ते फार लवकर गेलं तर वरचं कवच आकसतं, आत ओल राहते आणि पास्ता तडकतो. फार सावकाश गेलं तर आंबतो, बुरशी धरतो. नेपल्सजवळचं ग्रान्यानो हे गाव डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये आहे. तिथे कोरडा आणि दमट वारा आलटूनपालटून येतो, त्यामुळे पास्ता बेताने सुकतो. गावचा मुख्य रस्ता पास्त्याने लगडलेल्या काठ्यांच्या रांगांनी भरलेला असे. 2013 पासून 'ग्रान्यानोचा पास्ता' या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे.

हे गणित आपल्या घरच्या बायका कागदाशिवाय करत आल्या. चैत्र-वैशाखात, मृगाच्या आधी वाळवण उरकायचं. शेवई आधी सावलीत वारं लागू द्यायची, एकदम कडक उन्हात टाकायची नाही. नवी मुंबईत खाडीच्या दमट हवेमुळे आणि सोसायटीच्या गच्चीच्या अडचणीमुळे हे अवघड होतं. म्हणून पुष्कळ घरांत वर्षाच्या शेवया गावाकडून डब्यात भरून येतात.

६. आकार कशासाठी?

आकार शोभेसाठी नसतो. रस कसा धरायचा, किती वेळात शिजायचं आणि कशाने खायचं, हे आकार ठरवतो.

लांब तारा. स्पॅगेटी, वर्मिचेल्ली, लिंग्विनी. यांच्याभोवती पातळ रस गुंडाळला जातो. टोमॅटोचा रस, लसूण आणि ऑलिव्ह तेल, शिंपल्यांचं कालवण यांना त्या शोभतात.

पट्ट्या. बोलोन्याची तालियातेल्ले मांसाच्या दाट रश्शाबरोबर खातात. 1972 मध्ये बोलोन्याच्या व्यापार मंडळात तिची रुंदी अधिकृतपणे नोंदवली गेली. शिजलेली पट्टी शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग असावी, असं ठरलं. मनोरा सुमारे 97 मीटर उंच. भागाकार करा, उत्तर येतं 8 मिलिमीटर.

नळ्या. मॅकरोनी, रिगातोनी, पेन्ने. रस बाहेरून चिकटतो आणि आतही शिरतो. पेन्नेचं टोक तिरकं असल्याने रस आत सहज जातो. हा तिरका काप देणाऱ्या यंत्राचं पेटंट जेनोआजवळच्या जोव्हान्नी बातिस्ता काप्पुर्रो याने 1865 मध्ये घेतलं. त्याआधी तिरके तुकडे कात्रीने कापत, तेव्हा ते चुरडत.

घडीव आकार. फार्फाल्ले फुलपाखरासारखे, कोंकील्ये शंखासारखे, फुसिली पिळाचे. बारी शहराच्या जुन्या वस्तीत बायका आजही दारात बसून ओरेक्येत्ते करतात. रव्याच्या कणकेची सळी, सुरीने तोडलेला तुकडा, सुरीनेच पाटावर ओढलेला आणि अंगठ्यावर उलटवलेला. कानाच्या पाळीएवढी वाटी होते आणि तिच्यात भाजीचा बारीक तुकडा बसतो.

दाणे. ओर्झो जवाच्या दाण्यासारखा, स्तेल्लीने चांदण्यांसारखे. हे सुपासाठी, लहान मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी.

भरलेले. रॅव्हिओली, तोर्तेल्लिनी. अंड्याची पातळ पारी आणि आत चीज, पालेभाजी किंवा मांस.

आणि एक दुर्मीळ प्रकार, सार्डिनिया बेटाचा 'सु फिलिन्देऊ'. कणकेचा दोर दोन्ही हातांनी ओढायचा आणि दुमडायचा, पुन्हा ओढायचा आणि दुमडायचा. दर वेळी तारा दुप्पट होतात. 2, 4, 8, 16, 32, 64, 128, आणि आठव्या वेळी 256. या केसासारख्या तारा गोल तबकावर आडव्या-तिरप्या तीन थरांत पसरून उन्हात वाळवतात. मोजक्याच बायकांना ही कला येते. आपल्या हातशेवया ओढणाऱ्या बाईला हा हिशेब सांगावा लागणार नाही, तिच्या मनगटात तो आहे.

७. आपलं वळवट

आता खाटेपाशी या. बन्सी किंवा खपली गहू धुऊन ओलवतात आणि फडक्यात बांधून ठेवतात. ओलीने वरचा कोंडा चिवट होतो, दळताना त्याचा चुरा होत नाही आणि चाळणीवर तो अलगद वेगळा निघतो. आधुनिक गिरण्याही दळण्यापूर्वी गव्हाला मोजून पाणी देतात, ते याच कारणासाठी. मग दळण, आणि वस्त्रगाळ करून निघालेलं सपीठ. कणिक घट्ट मळून, झाकून ठेवून पुन्हा तिंबतात. तिंबणं म्हणजे जाळं विणणं, आणि झाकून ठेवणं म्हणजे त्याला सैल होऊ देणं, म्हणजे तार तुटत नाही.

पाटावरच्या शेवईला माणसं दोन लागतात. एक जण तिरप्या पाटाशी बसून तळव्याने कणिक वळत राहते. तळव्याखालून बारीक धागा निघतो आणि पाटावरून खाली उतरतो. दुसरी तो हलकेच झेलते आणि काठीवर टाकते. वळणारीचा दाब आणि झेलणारीचा वेग जुळला नाही तर धागा तुटतो.

गव्हल्याला साचा नाही, पाटही नाही. दुधात भिजवलेल्या बारीक रव्याची किंवा सपीठाची घट्ट कणिक, तिची बारीक सळी डाव्या हातात. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तिचं टोक चिमटतात, वळतात, आणि दोन्ही टोकांना निमुळता, हुबेहूब गव्हाच्या दाण्यासारखा तुकडा ताटात पडतो. इटलीने जवाचा दाणा घडवला, आपण गव्हाचा. नखाने दाब दिला की नखुले, बोटाने दिला की बोटवे. याशिवाय मालत्या, सरवळ्या, फेण्या आहेत. हाताने वळलेल्या या साऱ्या प्रकारांना मिळून वळवट म्हणतात. लग्नघरात चांगला दिवस पाहून सुवासिनी जमतात आणि हळदकुंकू लावून गव्हले करायला घेतात. त्यांची खीर लग्नात होते, आणि रुखवतात वळवटाची ताटं मांडली जातात.

शेवया खाण्याच्या रीतीही पाहण्यासारख्या आहेत. घाटावर त्या उकळत्या पाण्यात सोडून वेळून घेतात आणि वर तूप-साखर, दूध किंवा गुळवणी घालतात. उकळणं, वेळणं आणि वर रस, ही पास्त्याचीच कृती. ईदला कोकणी मुस्लिम घरांत शीरखुर्म्यासाठी तुपात परतलेल्या बारीक शेवया लागतात. धर्म आणि जिल्हा बदलला की रस बदलतो, तार तीच राहते.

इतकं असून पास्ता जगभर गेला आणि गव्हला घरात राहिला. त्याची कारणं दिसतात. सिसिलीचा पास्ता बाराव्या शतकापासून बंदरातला माल होता. नेपल्सने त्याला यंत्र दिलं. स्थलांतरित इटालियन लोकांनी तो अमेरिकेत नेला. कायद्याने त्याचा गहू ठरवला, ग्रान्यानोने नावाला संरक्षण मिळवलं. आपलं वळवट मात्र बाजारात मांडलंच गेलं नाही. ते बायकांचं बिनमोलाचं काम समजलं गेलं, म्हणून त्याचं माप घेतलं गेलं नाही आणि दरही ठरला नाही. आता बचत गटांच्या प्रदर्शनांत हातशेवया आणि गव्हले विकायला येतात. त्यांची किंमत यंत्राच्या शेवयांपेक्षा जास्त असते आणि तशीच असायला हवी.

८. पातेल्यात काय करायचं?

इटलीतला सोपा नियम असा : 100 ग्रॅम सुक्या पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. चार माणसांना 400 ग्रॅम पास्ता, म्हणजे 4 लिटर पाणी आणि 40 ग्रॅम मीठ. पाणी खळखळ उकळल्यावरच पास्ता सोडायचा आणि पहिल्या मिनिटात ढवळायचा. पाण्यात तेल घालू नये. ते वर तरंगतं, आणि वेळताना पास्त्याला लागून रसाला चिकटू देत नाही.

पाकिटावरच्या वेळेच्या एखादं मिनिट आधी एक तुकडा दाताने तोडून पाहा. आत सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका असेल, तर पास्ता 'आल देन्ते' आहे, म्हणजे दाताला लागेल इतकाच कच्चा. तेव्हाच वेळायचा, पण वाटीभर पाणी राखून ठेवायचं. त्यात थोडं पिष्ट उतरलेलं असतं. रसात ते घातलं की रस दाट होतो आणि पास्त्याला धरतो.

विकत घेताना पास्त्याचा पृष्ठभागही पाहावा. ब्राँझच्या साच्यातून काढलेला पास्ता खरखरीत आणि पिठासारखा फिकट दिसतो. टेफ्लॉन लावलेल्या साच्यातला गुळगुळीत आणि चकचकीत. खरखरीत पृष्ठभागावर रस जास्त टिकतो.

आणि बन्सी गहू हाती आला, तर पास्ता घरीही होतो. वाशीच्या दाणा बंदरातून धान्य मुंबईभर जातं, तेव्हा जवळच्या दुकानदाराकडे बन्सीची मागणी नोंदवायला हरकत नाही. बारीक रवा कोमट पाण्यात घट्ट मळा, तासभर झाकून ठेवा, सळ्या वळा, तुकडे तोडा आणि अंगठ्याने दाबा. ओरेक्येत्ते झाले. त्याच कणकेचे नखाने नखुले करा.

९. मग शेवया आणि पास्ता एकच का?

आजीला द्यायचं उत्तर असं : आजी, गहू एक, जाळं एक, वाळवण एक, वेळणंही एक. नाव आणि रस वेगळा. दोघींचं कूळ एकच आहे, पण कुणी कुणाकडून उचललेलं नाही.

एका बाबतीत मात्र इटली आपल्यापुढे आहे. ओरेत्ता झानीनी दे व्हीता या अभ्यासक बाईंनी गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारत वर्षानुवर्षं पास्त्याची नावं, साहित्य आणि रीती गोळा केल्या. त्यांच्या कोशात 300हून अधिक प्रकार आणि त्यांची हजारावर स्थानिक नावं आहेत. करणारी माणसं गेली तरी त्यातून पुन्हा करता येईल, इतकी ती माहिती नेमकी आहे.

वळवटाचा असा जिल्हावार कोश मराठीत व्हायला हवा, आणि त्याची सुरुवात नवी मुंबईसारख्या शहरातून सहज होऊ शकते. हे शहर वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, तेव्हापासून इथे घाटावरची, कोकणातली, खानदेशातली, विदर्भातली माणसं एकाच जिन्यात शेजारी झाली आहेत. एकेका मजल्यावर दोन-तीन जिल्ह्यांचं वळवट सापडेल. येत्या सुट्टीत घरातल्या आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना पाच गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा : प्रकाराचं नाव, गावाचं नाव, कोणतं धान्य, हात कसा चालतो, आणि तो कोणत्या दिवशी खातात. हात कसा चालतो याचं फोनवर चित्रण करा, कारण तेवढी एकच गोष्ट शब्दांत पुरती उतरत नाही.